मूठभर कोंडा

अमेरिकेच्या व्हिसाची ती वेबसाइट ज्यानं कुणी बनवली, त्याला एकदा माझ्यासोबत नागपूरच्या जरीपटक्याच्या बाजारात उभं करायचंय मला. जरा हात थांबला की बाहेर काढते. फाइल मोठी असली की घेत नाही, लहान करून दिली तर म्हणते अक्षर दिसत नाही. मी मिहानमधल्या एका कंपनीत हिशेब बघतो, दिवसभर कॉम्प्युटरपुढेच बसलेला असतो, पण असा छळ कोणत्याच ऑडिटरनं केला नाही माझा.

आणि एवढं करून एकच खाना लाल राहिला होता. बाकी सगळ्यांपुढे टिक आली होती. पासपोर्ट, लग्नाचा दाखला, मेव्हण्याचे टॅक्सचे कागद, सगळं चढलं होतं. लाल राहिला तो लतिकाच्या जन्माचा पुरावा. लतिका म्हणजे माझी बायको.

अर्ज तिच्या भावानं केला होता, कवडूभाऊंनी. ते इंजिनिअर होऊन तिकडे गेले, तिकडचे नागरिक झाले आणि त्यांनी बहिणीसाठी अर्ज टाकला. आमचा साहिल तेव्हा रांगत होता, आता कॉलेजात आहे. भावाबहिणीचा नंबर इतका हळू सरकतो की मी तर विसरूनच गेलो होतो. मग एक दिवस ईमेल आला की नंबर लागला, अर्ज भरा आणि कागद चढवा, वर्षभरात नाही केलं तर केस बंद होईल. ते वर्ष आम्ही कुहीच्या चकरा मारण्यात घालवलं. लतिकाचा जन्म कुहीजवळच्या खेड्यातला, पण जन्माच्या नोंदवहीत तिचा पत्ता नाही. नोंद नसल्याचा दाखला तेवढा मिळाला. आता शेवटचा आठवडा उरला होता.

खरी अडचण पुढेच होती. लतिकाच्या शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव शालिकराम. कवडूभाऊंच्या दाखल्यावर डोमाजी. बाप वेगळे, आई वेगळी, तर हे सख्खे भाऊबहीण कसे, असं तिकडचा साहेब विचारणारच. त्याच्या जागी मी असतो तर मीही विचारलं असतं.

शालिकराम आणि डोमाजी हे दोघं भाऊ. धानाची शेती, एकच आवार, दोन चुली. थोरल्या शालिकरामची बायको भागीरथा, तिला मूल नाही. धाकट्या डोमाजीची बायको तुळसाबाई. तिची आधी दोन पोरं गेली, म्हणून तिसरा झाला तेव्हा त्याला सुईणीच्या हाती दिला आणि एका कवडीवर परत विकत घेतला. तेच आमचे कवडूभाऊ. विकत घेतलेल्या पोरावर देवाची नजर जात नाही, असं त्या घरात मानत. कवडूच्या पाठीवर मुलगी झाली. तुळसाबाईनं सव्वा महिन्यानं तिला सुपात ठेवली, जावेच्या दारात नेली आणि म्हणाली, पोरगी विकायची आहे. भागीरथाबाईनं मूठभर धानाचा कोंडा तिच्या पदरात टाकला आणि सूप उचलून आत नेलं. दिलेली वस्तू परत मागता येते, विकलेली नाही. तुळसाबाईला हे पक्कं माहीत होतं, म्हणूनच तिनं दिली नाही, विकली.

त्या दिवसानंतर त्या आवारात कुणी हा विषय काढला नाही. शाळेत घालताना शालिकरामनं आपलंच नाव सांगितलं, कारण दुसरं कोणतं सांगायचं हे त्याच्या डोक्यातही आलं नसणार. लतिकाला पाचवी-सहावीत गावातल्या कुठल्यातरी बाईनं सांगून टाकलं. ती घरी येऊन काही बोलली नाही. कवडूभाऊंना राखी बांधायची ती चुलतबहीण म्हणूनच, आणि तेही चुपचाप बांधून घ्यायचे.

आता शालिकराम नाहीत, डोमाजी नाहीत, तुळसाबाई नाही, सुईण तर केव्हाच गेली. साइटवरच्या सूचनेप्रमाणे जन्माची नोंद नसेल तर जन्म माहीत असलेल्या वडीलधाऱ्या नातेवाइकाचं शपथपत्र चालतं. असा जिवंत माणूस सगळ्या जगात एकच होता. ती आमच्याच घरात, समोरच्या खोलीत, तांदूळ निवडत बसली होती.

भागीरथाबाई, माझी सासू. नवरा गेल्यावर लतिका तिला नागपूरला घेऊन आली. कुहीच्या बाजारात तिनं तांदूळ विकण्यात जन्म काढला, त्यामुळे भाव करण्याची तिची खाज अजून गेलेली नाही. जरीपटक्यात कोथिंबिरीच्या जुडीसाठी ती दुकानदाराला असा पिदडते की मी लांब जाऊन उभा राहतो. पण एकदा भाव ठरला की ठरला. मागं एकदा भाजीवाल्यानं किडके वांगे गळ्यात मारले. मी पिशवी उचलली, म्हटलं चला, त्याच्या तोंडावर मारून येऊ. तर मलाच म्हणाली, "बसा जावईबापू. पाहून घेतले ना म्या? मंग?" आणि ते वांगे कापून, किडका भाग काढून, खाऊ घातले आम्हाला. सौदा म्हणजे सौदा. त्या बाईचा देव म्हटला तर तो एवढाच.

तिला हे सांगायचं कुणी, यावर आमच्या घरात चार दिवस कुजबूज चालली. शपथपत्राचा मसुदा वकीलबाईंनी करून दिला होता. इंग्रजीत होता, पण त्यातल्या एका वाक्याशी मी थांबलो. लतिका ही माझी मुलगी नाही. मी वकीलबाईंना म्हटलं, हे काढून टाकू, जन्म तुळसाबाईनं दिला एवढं पुरे. त्या म्हणाल्या, "वसंतजी, शाळेच्या दाखल्यावर उलटं लिहिलंय. साफ साफ नहीं लिखोगे तो वो लोग कागज वापस भेजेंगे. तुमच्याकडे टाइम है क्या?" टाइम नव्हता.

आणखी एक गोष्ट मला समजत होती, ती मी घरात बोललो नव्हतो. उद्या लतिका तिकडची नागरिक झाली तर ती आपल्या आईला बोलावू शकते. पण हे शपथपत्र एकदा गेलं की भागीरथाबाई तिची आई म्हणून कधीच जाऊ शकणार नाही. स्वतःच्याच सहीनं ते दार बंद होणार होतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी कवडूभाऊंचा फोन आला. तिकडे सकाळ असावी, चहा पीत बोलत होते. भागीरथाबाईंना ते मोठीमाय म्हणतात. म्हणाले, "वसंतराव, मोठीमायले काहून सांगता? म्हातारं माणूस. बँकेचा कागद आहे म्हना, सही घेऊन घ्या."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "भाऊ, तुम्ही अमेरिकेत बसून अक्कल पाजळू नका. ज्या बाईनं उभ्या जन्मात कुणाला वजनात फसवलं नाही, तिला मी तिच्याच घरात फसवू?" आवाज जरा जास्तच चढला असावा, कारण खोलीतला तांदळाच्या सुपाचा आवाज थांबला. लतिकानं माझ्या हातातून फोन काढून घेतला.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "काहून कुरकुर करून राहिले तुमी दोघं चार दिसांपासून? मी बयरी नाई."

लतिकानं फोन बंद केला आणि माझ्याकडे पाहिलं. मग मीच सांगितलं. सगळं सांगितलं, ते वाक्यसुद्धा. आणि आता सांगतोच आहे तर म्हणून ते दार बंद होण्याचंही सांगून टाकलं.

त्यांनी ऐकून घेतलं. "म्हंजे मले मंग तिकडे येता येनार नाई."

"नाही, आई."

"नाई तर नाई. मी कुहीले जाईन, यमुताई हाय शेजारी. त्याचं काई नाई." पदरानं तोंड पुसलं. "पन खोटी शपत मी खात नाई."

"आई, यात खोटं काय आहे? जन्म तर तुळसाबाईंनीच..."

"जन्माचं मी कुठं म्हनून राहिली? पोरगी माही हाय. इकत घेतली म्या. माही नाई असं कशी म्हनू?"

आणि पुन्हा जाऊन तांदूळ निवडायला बसल्या. विषय संपला.

पुढचे दोन दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही. लतिका मला म्हणाली, "राहू द्या हो. नाई तर नाई." पण मी तिला ओळखतो. व्हिसा मिळाला म्हणजे जायलाच पाहिजे असं थोडंच आहे, असं आम्ही दोघं एकमेकांना सांगत आलो होतो, आणि दोघांनाही माहीत होतं की ती थाप आहे. साहिलचं शिक्षण, त्याची नोकरी, हे सगळं होतंच. पण लतिकाच्या पोटात दुसरंच काहीतरी होतं. त्या अर्जात एका ओळीत लिहिलं होतं की अर्जदार ही कवडू यांची सख्खी बहीण. ती ओळ ती पुन्हा पुन्हा उघडून बघायची. पन्नाशीला आली बाई, पण सख्खी हा शब्द तिच्या नावापुढे पहिल्यांदाच कुणी लिहिला होता. आणि तो पक्का करायचा तर आईच्या तोंडून नाही म्हणवून घ्यायचं. ती साइट उघडायची, तो लाल खाना बघायची आणि बंद करायची. मला तिचा राग यायचा, सासूचा यायचा, साइटचा तर यायचाच, आणि कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

शेवटच्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो. सासूबाई मागं येऊन उभ्या राहिल्या.

"जावईबापू, कोंडा आना."

"कोंडा?"

"धानाचा. गव्हाचा नोको. मूठभर बस."

"आई, आज शेवटचा दिवस आहे. आज कोंडा कशाला?"

"सौदा फिरवाचा हाय," त्या म्हणाल्या. "थे मानसं घेतलेला कोंडा वापस करतीन, मी पोरगी वापस करीन. मंग शपत खरी होते. आना लवकर."

अर्ध्या गालाला साबण तसाच. तोंड उघडलं असतं तर वाईटच बोललो असतो. स्कूटर काढली. नागपूर शहरात सकाळी धानाचा कोंडा शोधून दाखवा मला. किराणा दुकानदार डब्यातलं काहीतरी शुगरच्या पेशंटसाठीचं दाखवतो. पिठाच्या गिरणीत गव्हाचा आहे. दुसऱ्या गिरणीतही गव्हाचाच. तिकडे साइटचा दिवस संपत चाललाय आणि मी इकडे अमेरिकेला जाण्यासाठी गुरांचं खाद्य शोधत फिरतोय. शेवटी कामठी रोडच्या बाजूला गुरांची ढेप विकणाऱ्या दुकानात मिळाला. दुकानदार म्हणाला, किती पोती? मूठभर म्हटल्यावर त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि फुकट दिला.

वकीलबाई, रीना मॅडम, स्वतःच नोटरी आहेत. बाजाराच्या मागे एका जिन्याखाली त्यांचं ऑफिस. आम्ही तिघं तिथं पोचलो तेव्हा मी घामानं भिजलो होतो. लतिकानं फोन टेबलावरच्या फायलींना टेकवून ठेवला. त्यात कवडूभाऊ. त्यांच्याकडे रात्र झालेली, डोक्याला मफलर.

"कवडू," सासूबाई म्हणाल्या, "तुया घरचं मोठं आता तूच. बोल, आमची पोरगी वापस दे."

"मोठीमाय, कागदासाठी हे सगळं कशाले..."

"बोल."

कवडूभाऊ चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "आमची पोरगी वापस दे." आवाज काही त्यांचा वाटला नाही.

"याचा हात आता तू हो," सासूबाई लतिकाला म्हणाल्या आणि पदर पसरला.

लतिकाच्या मुठीत कोंडा होता. तिनं हात पुढे केला, पण मूठ उघडेना. रीना मॅडम एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. "अम्मा, ये क्या चल रहा है?" बाहेर पावभाजीवाला तवा घासत होता. लतिकाच्या बोटांच्या फटींतून कोंडा थोडा थोडा सांडत होता.

"टाक वं," सासूबाई म्हणाल्या. "सांडून राहिला."

तिनं मूठ उघडली. सासूबाईंनी पदराला गाठ मारली, दोनदा ओढून पाहिली आणि रीना मॅडमकडे वळल्या. "हं, बाई. वाचा आता."

मॅडमनी एकेक वाक्य हिंदीत समजावून सांगितलं. तुळसाबाईचं बाळंतपण त्यांनी पाहिलं का? पाहिलं. कवडू आणि लतिका एकाच आईबापाची मुलं? हो. मग मॅडम थांबल्या, पाणी प्यायल्या. "इसमें लिखा है कि लतिका आपकी बेटी नहीं है. भगवान को याद करके बोलना है, अम्मा. सच है?"

"खरं हाय," सासूबाई म्हणाल्या.

लतिका खुर्चीचा हात धरून उभी होती. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात शिकलेली सही सासूबाईंनी सावकाश केली, एकेक अक्षर जागेवर ठेवत. शिक्का बसला. मी आयुष्यात पुष्कळ शिक्के ऐकलेत, पण त्या शिक्क्याचा आवाज माझ्या छातीत बसला.

घरी येऊन मी कागद स्कॅन केला. साइटनं घेतला नाही, मोठा होता. लहान केला, तर गोल फिरत बसली. बाहेर काढलं. परत आत गेलो, परत पासवर्ड, परत तो लाल खाना. लतिका माझ्या खांद्याशी उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. शेवटी फाइल चढली आणि खाली सबमिटचं बटण जिवंत झालं. मी तिच्याकडे पाहिलं. ती पडद्याकडेच बघत होती.

"दाबू?"

आतल्या खोलीतून सासूबाई ओरडल्या, "दाबा, जावईबापू. शपत वाया घालवता का माही?"

मी दाबलं. पान पांढरं झालं, पांढरंच राहिलं, आणि मग आलं की कागद मिळाले.

सासूबाई बाहेर आल्या. "गेला?"

"गेला, आई."

"आता वापस येत नाई?"

"नाही येत."

"मंग कवडूले लावा फोन."

कवडूभाऊ जागेच होते. सासूबाई पदराची गाठ सोडत फोनपुढे बसल्या. "कवडू, शपत झाली, कागद गेला. शपत घेतली तवा पोरगी माही नव्हती, खोटं बोलली नाई मी. आता मले पोरगी पायजे. इक."

म्हणजे सकाळपासून हे म्हातारीच्या डोक्यात होतं. मी कपाळाला हात लावला.

कवडूभाऊ मात्र हसले नाहीत. "मोठीमाय, मी नाई इकत."

"काहून?"

"मायनं सूप उचललं, तवा मी दारात उभा होतो. मी बोंबललो, तर बाबानं मले आत ओढलं. आजच ती माही झाली, अन् आजच इकू?" त्यांनी मान खाली घातली. पडद्यावर नुसता मफलर दिसत राहिला.

सासूबाई सोडलेली गाठ हातात धरून तशाच बसल्या. एवढी सौद्याची पक्की बाई, पण समोरचा विकतच नाही म्हटल्यावर काय करायचं हे तिला माहीत नव्हतं. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं, नवरा गेला तेव्हासुद्धा नाही. तेव्हा पाहिलं.

लतिका स्वयंपाकघरात गेली आणि तांदूळ निवडायचं सूप घेऊन आली. आईसमोर जमिनीवर ते ठेवलं आणि त्याच्या शेजारी स्वतः बसली. सुपात मावण्याचं वय राहिलं नव्हतं.

"कवडूभाऊची मी बहीण राहीनच, थे कागदावर हाय," ती म्हणाली. "पन त्याले कशाले इचारतं, माय? तवा मले कोनी इचारलं नाई. आता मी मोठी झाली. मी इकतो मले. घेतं का?"

सासूबाईंनी नाक पुसलं. पदरातला कोंडा मुठीत घेतला. सकाळचा बराचसा सांडून गेला होता, आणि मूठही आता लहान झाली होती.

"कमी हाय," त्या म्हणाल्या. "चालते?"

"पन्नास वर्सांत भाव वाढवला नाई तू," लतिका म्हणाली आणि पदर पसरला.